दीड वर्षाच्या शिंगराचं वृषण आणि प्रोटामीनचा गोंधळ: माझंही हेच झालं होतं

तुमची पोस्ट दोनदा वाचली. दीड वर्षाची तीन शिंगरं, खच्ची करताना मिळालेली वृषणं, एकात प्रोटामीनचा (शुक्राणूत डीएनए घट्ट बांधणारं प्रथिन) जीन म्हणजे पीआरएम१ धो धो चालू आणि बाकी दोघांत जवळजवळ शून्य, तर सॅम्पल खराब झालं का? हाच प्रश्न डोक्यात घेऊन माझं अख्खं वर्ष गेलंय म्हणून राहवलं नाही. आरएनए कसा काढायचा, क्वालिटी कशी बघायची ते तुम्ही केलेलंच असणार, त्यात जात नाही. मला एकच सांगा, तुकडा वृषणाच्या कुठल्या भागातून घेतला होता? पोस्टमध्ये ते कुठेच नाहीये आणि माझ्या मते घोडं तिथेच अडलंय.

मी काय केलं होतं ते सांगतो. पहिल्या बॅचला प्रत्येक वृषणाचा कडेचा, आवरणाला लागून असलेला तुकडा कापला, कारण तिथे सुरी लगेच पोचते आणि तुकडा पटकन आरएनए टिकवणाऱ्या द्रवात टाकता येतो, आणि उरलेलं वृषण सरळ टाकून दिलं. पुढच्या बॅचला सहज म्हणून एक वृषण मधोमध उभं चिरलं तर आत दोन रंग! मध्यभागी फिकट पट्टा आणि त्याच्या भोवती गडद भाग. मग दोन्हीकडचे तुकडे घेऊन स्लाइड केल्या. गडद भागात, शुक्राणू जिथे बनतात त्या नळ्या बारीक, मधे पोकळीच नाही, आत सगळ्या सर्टोली पेशी (बीजपेशींना पोसणाऱ्या) आणि अधूनमधून एखादी बीजपेशी. फिकट भागात नळ्या चांगल्या फुगलेल्या, पोकळी उघडलेली, स्पर्मॅटोसाइट (शुक्राणूच्या वाटेवर मधल्या टप्प्यातल्या बीजपेशी) दिसतायत, काही नळ्यांत त्यापुढच्या टप्प्यातले गोल स्पर्मॅटिडसुद्धा. एकाच शिंगराच्या एकाच वृषणात दोन वयं. घोड्यात शुक्राणू तयार व्हायला सगळीकडे एकदम सुरुवात होत नाही, आधी मधल्या भागात होते आणि मग ती बाहेर पसरते. पीआरएम१ तर स्पर्मॅटिडमध्येच चालू होतो, त्यामुळे त्या वयात तो आकडा शिंगराबद्दल कमी आणि सुरी कुठे लागली याबद्दल जास्त सांगतो. माझी पहिली अख्खी बॅच यात गेली, आणि वृषणं टाकून दिलेली त्यामुळे तपासायलाही काही उरलं नव्हतं.

दुसरं, सर्टोली पेशींतल्या सॉक्स९ जीनची मोठ्या घोड्याशी तुलना करताना 'सॉक्स९ कमी झाला' असं लगेच लिहू नका. सर्टोली पेशी कमी झालेल्या नसतात, पण नळीत बीजपेशींची गर्दी झाली की एकूण आरएनएत सर्टोलीचा वाटा घटतो. जीन बंद झालेला नसतो, त्याचा आवाज गर्दीत दबतो. एएमएच या सर्टोलीतल्याच दुसऱ्या जीनचं वेगळं, तो वयात येताना सर्टोली पेशीतच खरोखर उतरतो. हे दोन प्रकार स्लाइडशिवाय वेगळे करता येत नाहीत, निदान मला तरी आले नाहीत. आणि मोठा घोडा म्हणून तीन वर्षांचा घेऊ नका, त्याचं वृषण अजून वाढत असतं. मोठे घोडे सगळे एकाच ऋतूतले घ्या, दिवस मोठे असताना आणि लहान असताना शुक्राणूंचं उत्पादन सारखं नसतं. बीजपेशीपासून शुक्राणूपर्यंतचा प्रवास साधारण ५७ दिवसांचा, म्हणून मागच्या दोन महिन्यांत ताप येऊन गेला का तेही विचारून घ्या.

आता जरा मनातलं बोलतो. ज्या सिक्वेन्सिंग सेंटरकडे मी सॅम्पल दिले त्यांनी रिपोर्टमध्ये वाय क्रोमोसोमचे जीन्स 'नाहीत' असं लिहून दिलं. वृषणाच्या सॅम्पलमध्ये! तीन वेळा मेल केला, तिन्ही वेळा तेच उत्तर, पाइपलाइन स्टँडर्ड आहे. शेवटी माझं मीच शोधलं. त्यांनी वापरलेला घोड्याचा रेफरन्स जीनोम (सॅम्पल ज्याच्याशी जुळवून बघतात तो नमुना) ट्वायलाइट नावाच्या थरोब्रेड घोडीचा होता, २०१८ची ईक्विकॅब३ आवृत्तीसुद्धा तिचीच, म्हणजे त्यात वाय क्रोमोसोम नाहीच. वायचे रीड्स (सिक्वेन्सिंगमधून वाचलेले छोटे तुकडे) एकतर वाया जातात नाहीतर एक्सवरच्या जुळ्या जीनला जाऊन चिकटतात. घोड्याच्या वाय क्रोमोसोमचा सिक्वेन्स २०१८मध्येच वेगळा प्रसिद्ध झालाय, तो रेफरन्सला जोडून रीड्स पुन्हा जुळवून (मॅप करून) बघा. पैसे घेणाऱ्या माणसाने हे एका ओळीत सांगायला काय हरकत होती, मला आजही कळत नाही.

अजून थोडं. क्यूपीसीआरला (जीन किती चालू आहे ते मोजायची पद्धत) तुलनेचे स्थिर जीन म्हणून बीटा अ‍ॅक्टिन आणि जीएपीडीएचवर डोळे मिटून विसंबू नका, वयात येताना वृषणात तेही हलतात. स्लाइडसाठी तुकडा टिकवायला बुआं द्रव वापरा, साध्या फॉर्मलिनमध्ये नळ्या आक्रसतात. अ‍ॅरोमाटेजचा, म्हणजे इस्ट्रोजेन बनवणाऱ्या एन्झाइमचा, जीन मोठ्या घोड्यात खूप दिसला तर घाबरू नका, घोड्याच्या लायडिग पेशी (नळ्यांच्या मधल्या जागेतल्या, हॉर्मोन बनवणाऱ्या) इस्ट्रोजेन भरपूर बनवतात, त्यात काही बिघाड नाही.

मी पशुवैद्य नाही, लॅबमधला माणूस आहे, आणि तुमची स्लाइड न बघता बोलतोय, त्यामुळे तुमच्या गाइडशी बोलूनच ठरवा. पण त्या तीन वृषणांचा उरलेला भाग फ्रीझरमध्ये असेल तर आज कुणालाही तो साफ करू देऊ नका. ड्राय आइसवर ठेवूनच, वितळू न देता, मधला आणि कडेचा असे दोन-दोन तुकडे काढा आणि आधी फक्त पीआरएम१ आणि एसवायसीपी३ (स्पर्मॅटोसाइटमध्ये चालू असणारा जीन) एवढंच बघा. काय आलं ते इथे टाका, मी बघतो.