आधी तिची नोकरी, घराचं मग पाहू

बाबू,

तुझ्या तिन्ही व्हॉइस नोट ऐकल्या, ब्रोशर पण पाहिलं. चाकणची नोकरी सोडून नागपूरला यायचं अन् लगेच फ्लॅट घ्यायचा म्हणतो तू. नागपूरच्या बेसा साईडला टू बीएचके, गेटवर पामची झाडं, चाकणच्या तुझ्या वन आरकेपुढे कोणालाही मोह होईल. पण एवढ्या बोलण्यात सूनबाईच्या नोकरीचा विषय एकदाच आला, तोही शेवटी, "ती पाहील तिकडे काहीतरी". तिथंच माझं डोकं गरम झालं. आयटीआयला तू मार्किंग न करता हॅक्सॉ लावायचा अन् मी ओरडायचो, आठवते ना? तेच करून राह्यला तू आता.

आधी तिची नोकरी. हातात लेटर, लेटरवर पगार, अन् ड्युटी कोणत्या शिफ्टची ते. मग तुझी. मग भाड्यानं वर्षभर. विकत घ्यायचं नाव त्याच्या नंतर.

पुण्यात आपल्यासारख्याचं घर होत नाही म्हणतो, मान्य आहे, वाद नाही. पण नागपुरात स्वस्त काऊन आहे हे विचारलं का कोणाला? चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात एका कंपनीनं काढलं तर फिटर माणूस आठवड्यात दुसऱ्या गेटवर उभा राहते. इकडे बुटीबोरी आहे, हिंगणा आहे, मिहान आहे, मी नाही कुठं म्हणतो, पण गाड्यांच्या पार्टचं काम तिकडे जेवढं दाटीनं आहे तेवढं इकडे नाही, अन् घराचा भाव शेवटी त्या गावात पगार किती लोकांना अन् किती भेटतो त्याच्यावरच चालते. भाव उतरला म्हणून खूष होशील तर पगार पण उतरेल हे धरून चाल.

आता तुला न आवडणारं सांगतो. सूनबाई जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली आहे, आयसीयूत काम केलेली. नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची, राज्यातल्या राज्यात ती बदलायची भानगड नाही. नागपुरात मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स हे सरकारी दवाखाने, तिथं भरती निघेल तेव्हा निघेल, पण धंतोली-रामदासपेठेत दवाखान्याला दवाखाना लागून आहे. म्हणजे तुमच्या दोघांत नागपूरला लवकर काम लागेल ते तिला, तुला नाही. तरी तू तिचं काम शेवटच्या व्हॉइस नोटमध्ये ढकलतो. प्रायव्हेटवाले पगार कमी सांगतील, म्हणून तर आधी लेटर म्हणतो मी.

तुझी काकू डोंबिवलीच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये होती. मी अंबरनाथला कंपनीत. आम्ही गावाकडे आलो तेव्हा तालुक्यात प्लॉट जवळपास फुकट वाटायचा, डोंबिवलीत दोन खोल्यांच्या डिपॉझिटमध्ये इकडे पाया भरला. अन् तालुक्यात पॅथॉलॉजी लॅब होती एक, तिथं मालकाची सून बसायची. काकूनं मग ब्लाउज शिवले. लोक म्हणतात, काकू पण रागात असली की म्हणते, की माझ्या हौसेपायी तिची नोकरी गेली. तसं नाही ते. माझी आई इकडे एकटी होती, कंपनीत व्हीआरएसची कुजबुज चालू झाली होती, पुढे मला आयटीआयची नोकरी लागली, कर्ज एक रुपयाचं नाही, पोरं शिकली. मी काय चूक केलं सांग? वावर सांभाळायला कोण येणार होतं? पण ती मायक्रोस्कोपबद्दल अजून बोलते, भाजी निवडता निवडता मधेच स्लाईडवर मलेरिया कसा दिसते ते सांगते, तेव्हा मी उठून बाहेर जातो. जाऊ दे. तुझं वेगळं आहे, तुझ्याकडे अजून वेळ आहे.

कर्जाचं पण तू उलटं धरलं आहेस. तीस लाखाचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता २६ हजाराच्या आसपास बसते. हा एका पगारात भरशील का, तोही नागपूरच्या पगारात? दोन पगार पाहिजेतच. अन् ३० लाखापर्यंतच्या कर्जाला बँक जास्तीत जास्त किमतीच्या ९० टक्के देते, त्याच्या वर ७५ लाखापर्यंत ८०. स्टॅम्प ड्युटी अन् रजिस्ट्रेशन त्यात धरत नाहीत, ते तुझ्या खिशातून. (घर सूनबाईच्या नावानं घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे, हे मात्र ऐकून ठेव, तुझी मर्दानगी काही कमी होत नाही.) वरून नव्या नोकरीत प्रोबेशनवर असताना बँकवाले लवकर फाईल पुढे सरकवत नाहीत. म्हणजे गाव बदलणं अन् कर्ज काढणं हे एकाच महिन्यात जमतच नाही, तरी तू टोकन द्यायला निघाला!

सासऱ्यानं सांगितलेला तो प्लॉट तर डोक्यातून काढून टाक. एनए (बिगरशेती परवानगी) नाही, आरएल (प्लॉटच्या मंजुरीचं पत्र) नाही, अन् "होऊन जाईल" म्हणते तो दलाल. होते तेव्हा घेऊ म्हणा.

वर्षभर भाड्यानं काऊन म्हणतो ते ऐक. एक मे महिना तिथं काढ. ४५ डिग्रीत टॉप फ्लोअरला नाईट करून आलेली बाई दिवसा झोपू शकते का ते पाह्य, कूलरला पाणी किती लागते अन् नळ किती वेळ येते ते पाह्य. मग एक पावसाळा काढ. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला अन् नाग नदीचं पाणी घरात घुसलं, ती काही झोपडपट्टी नव्हती, चांगल्या लोकांचे लेआउट होते. ब्रोशरमध्ये पाऊस नसते. मेट्रोचंही तसंच, दुसऱ्या टप्प्याची मेट्रो बिल्डर आजच बाल्कनीतून दाखवते. तुला हिंगण्यात काम लागलं अन् तिला धंतोलीत, तर लोकमान्य नगर, वासुदेव नगर या बाजूला भाड्यानं पाह्य, तिथून सीताबर्डीला थेट मेट्रो आहे. नाईटला जाणं-येणं कसं करायचं ते दवाखान्यालाच आधी विचारायला लाव, बेसावरून रात्री एकटी ती गाडी चालवणार का तू सोडणार?

आणखी एक, हे कोणी सांगणार नाही. चाकणला गावचं कोणी येत नाही. नागपूरला सगळे येतात. मेडिकलला दाखवायला आलेला प्रत्येक जण तुमच्याकडे उतरणार, अन् घरात नर्स आहे म्हटल्यावर तर विचारूच नको. तुझ्या बाबांना, मामाला, मला सुद्धा नाही म्हणता येणार नाही तुला. ती ड्युटीवरून येणार अन् पाहुण्याचे रिपोर्ट वाचणार. हे तिला विचारलं का? तिला काहीच विचारलं नाही तू, तुला घर दिसलं अन् संपलं.

जाऊ नको म्हणत नाही मी. बापाच्या वावराजवळ येतो, पोट्टी अजून बालवाडीत आहे, शाळेची ओढाताण नाही, यायला हीच वेळ चांगली. ये. पण आधी तिची नोकरी. टोकनचे पैसे खिशात ठेव, बिल्डरचा माणूस "ऑफर रविवारपर्यंत" म्हणेल, म्हणू दे.

अन् या रविवारी फोन तू नको करू, सूनबाईला करायला लाव. दुपारी दोननंतर. सकाळी मी वावरात राहतो, तिथं रेंज नसते.