पडदा काळा, पण लॅपटॉप जिवंत

अरे, पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकताना लोगो दिसून पडदा काळा पडला म्हणजे लॅपटॉप गेला असं नाही. जुन्या एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डांचं हे नेहमीचंच रडगाणं. पेनड्राइव्हवरून सुरू करताना ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू आला की ‘ई’ (e) दाब. ‘लिनक्स’ने (linux) सुरू होणारी ओळ शोध आणि ‘क्वाएट स्प्लॅश’च्या (quiet splash) पुढे एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ (nomodeset) लिही, सलग, स्मॉल अक्षरांत. मग एफ१० (F10) दाब. हा बदल तेवढ्या वेळेपुरताच. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा पुन्हा करावा लागेल, मग एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाक. मेनूच येत नसेल तर बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट हा पर्याय बंद करून बघ. आणि हो, आयएसओचा (उतरवलेल्या लिनक्सच्या फाइलचा) चेकसम, म्हणजे फाइल पूर्ण आहे का हे पडताळायचा आकडा, आधी तपास. अर्धवट उतरलेल्या फाइलपायी मी अख्खा रविवार घालवलाय, रॅम काढून खोडरबरनं घासलीसुद्धा!