रक्त गोठतं, थिजतं की साकळतं?

प्रश्न असा आलाय: 'नातेवाइकांच्या रिपोर्टवर डीआयसी (डिसेमिनेटेड इंट्राव्हॅस्क्युलर कोॲग्युलेशन) या विकाराची शंका लिहिली आहे. मराठी माहितीपत्रकात त्याचा अर्थ "शरीरभर रक्त गोठणे" असा दिलाय, पण पेशंटला तर रक्तस्राव होतोय. "गोठणे" बरोबर आहे का? आणि रिपोर्टमधल्या डी-डायमर या रक्तातल्या घटकाला मराठीत काय म्हणावं?'

रक्तासाठी 'गोठणे' मला कधीच पटलं नाही. गोठतं ते पाणी, थंडीनं. रक्ताची गुठळी होते ती अंगाच्या उबेत. गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजणाऱ्या पीटी, एपीटीटी या चाचण्यासुद्धा ३७ अंश सेल्सिअसला करतात. शरीर फार गार पडलं तर ही क्रिया उलट मंदावते. त्यात 'पीटी वाढला, म्हणजे रक्त जास्त गोठतंय' हे पुन्हा पुन्हा कानावर येतं. अहो, वाढला तो वेळ! सेकंद वाढले म्हणजे गुठळी व्हायला उशीर होतोय.

खरा शब्द 'थिजणे'. संस्कृत धातू स्त्यै. धातुपाठात त्याचा अर्थ 'शब्दसंघातयोः', म्हणजे आवाज करणे आणि गोळा होणे. 'स्त'चा 'थ' आपल्याकडे नेहमीचाच: स्तोकचा थोडा, मस्तकचा माथा. याच धातूचं 'स्त्यान' पालीत 'थीन' झालं. बौद्धांच्या थीन-मिद्धातलं थीन म्हणजे मनाला आलेलं जडपण, थिजलेलं मनच म्हणा ना! आणि रक्ताशी नातं हवं असेल तर भट्टनारायणाचं संस्कृत नाटक 'वेणीसंहार' उघडा. द्रौपदीची वेणी घालायला निघालेल्या भीमाचे हात ज्या दाट रक्तानं लाल होणार आहेत, त्याला कवीनं 'स्त्यान'च म्हटलंय. याहून जुना दाखला कशाला हवा?

'तूपही थंडीनंच थिजतं की,' असं कुणी म्हणेल. म्हणू दे. डोळे भर उन्हाळ्यातही थिजतात.

'साकळणे'वाल्यांचं मात्र मला नवल वाटतं. साकळणं म्हणजे साचणं. मार लागून कातडीखाली काळंनिळं होतं, ते रक्त साकळलेलं. गुठळी होण्याच्या क्रियेलाही तोच शब्द लावला की दोन गोष्टींची खिचडी होते, आणि डीआयसीत तर दोन्ही घडतात. बारीक रक्तवाहिन्यांत रक्त ठिकठिकाणी थिजतं. त्यात प्लेटलेट, फायब्रिनोजेन (गुठळीतली फायब्रिनची जाळी ज्यापासून बनते ते प्रथिन) आणि बाकीचे घटक खर्ची पडतात. मग ऐन गरजेला काही उरत नाही, सुईच्या भोकातूनही रक्त झिरपतं आणि कातडीखाली साकळतं. माहितीपत्रकानं अर्धीच गोष्ट सांगितली, उरलेली अर्धी ही.

म्हणून चाचण्याही एकत्र वाचायच्या: पीटी लांबतो, प्लेटलेट उतरतात, फायब्रिनोजेन घटतं, डी-डायमर चढतो. जंतुसंसर्गात फायब्रिनोजेन मुळातच वाढलेलं असतं, त्यामुळे ते नॉर्मल आलं म्हणून डीआयसी नाही असं होत नाही. थ्रॉम्बोसिसवर (रक्तवाहिनीत गुठळी होण्यावर) काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २००१ची गुणपद्धत या चौघांना मिळून गुण देते. डीआयसीला कारण ठरू शकेल असा मूळ आजार असेल आणि बेरीज ५ किंवा जास्त आली, तर उघड डीआयसी धरतात. कमी आली तरी चाचण्या पुन्हा करतात, कारण आकडे तासातासाला हलतात.

राहिला डी-डायमर. फायब्रिनची जाळी विरघळताना पडलेला हा चुरा. 'डी' नावाचे दोन तुकडे एकमेकांना चिकटून राहिलेले. 'द्विडी' वगैरे करू नका. डी-डायमरच म्हणा.