छातीतली गाठ आहे, मग रिपोर्टमध्ये नसेच्या पेशी कुठून आल्या?

ताई, तुम्ही लिहिलंय की बहिणीची गाठ मॅमोग्राफीत अगदी कॅन्सरसारखी दिसली, आणि बायोप्सीत मात्र ग्रॅन्युलर सेल ट्यूमर, बेनाइन, म्हणजे कॅन्सर नसलेली, असं आलं, खाली श्वान पेशी असंही काहीतरी लिहिलंय, तर छातीत नसेच्या पेशी कशा आणि रिपोर्ट चुकला तर नाही ना. मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, म्हणजे ब्लॉक, कापून स्लाईड बनवते, रिपोर्ट डॉक्टरच देतात, पण ही गाठ मी जवळून बघितलीय म्हणून लिहितेय.

आपण ब्रेस्ट म्हटलं की फक्त दुधाच्या ग्रंथी आणि नळ्या धरतो. पण तिथे चरबी आहे, रक्तवाहिन्या आहेत आणि नसा आहेत, म्हणजे रक्ताच्या नाही, स्पर्श कळतो त्या. त्या नसांभोवती जे आवरण असतं ते श्वान पेशींचं, वायरवर प्लास्टिक असतं ना तसं, आणि ही गाठ त्या पेशींपासून होते. छातीत आहे, पण दुधाच्या नळीशी तिचं काही नातं नाही.

आमच्याकडे अशी केस आली तेव्हा गाठ हाताला दगडासारखी लागत होती, कापली तर आतून पिवळट पांढरी, कडा आजूबाजूच्या चरबीत घुसलेल्या, मला तर कॅन्सरच वाटला. मग आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मायक्रोस्कोपखाली दाखवलं, मोठ्या मोठ्या गुलाबी पेशी, आत बारीक रवा भरल्यासारखे दाणे आणि मध्ये छोटंसं काळं केंद्रक. ते दाणे म्हणजे पेशीत साठलेले लायसोसोम, पेशीतला कचरा पचवणाऱ्या बारीक पिशव्या. मग एस-100 चा स्टेन केला, हा रंग श्वान पेशी घेतात, तर सगळं तपकिरी झालं, आणि केराटिन, जे नळीच्या पेशी घेतात, ते निगेटिव्ह. तुमच्या रिपोर्टमध्ये हे दोन्ही आहेत का ते बघा, नसतील तर करून घ्या, माझ्या मते त्याशिवाय निश्चिंत होऊ नये.

आणि गोंधळ फक्त आपलाच होतो असं नाही. 1926 मध्ये अब्रिकोसॉफ या रशियन पॅथॉलॉजिस्टने ही गाठ वर्णन केली तेव्हा त्यांनाही ती स्नायूची वाटली, म्हणून कितीतरी वर्षं तिला मायोब्लास्टोमा म्हणायचे, नसेचं नातं नंतर कळलं. छातीत ही बऱ्याचदा वरच्या आतल्या बाजूला सापडते, कारण मानेकडून येणाऱ्या नसा तिथे पसरतात असं मानतात, तर कॅन्सर जास्त करून वरच्या बाहेरच्या बाजूला, काखेकडे असतो.

उपचार म्हणजे गाठ आजूबाजूच्या थोड्या चांगल्या भागासकट पूर्ण काढणं. पूर्ण ब्रेस्ट काढायची गरज नसते, केमो पण नाही. अर्धवट राहिली तर परत येऊ शकते, म्हणून ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये मार्जिन क्लियर, म्हणजे कापलेल्या कडेला गाठीच्या पेशी नाहीत, असं लिहिलंय का ते नक्की विचारा. घातक निघायचं प्रमाण शंभरात एक-दोन इतकंच, पण काहींना अशा गाठी एकापेक्षा जास्त ठिकाणी होतात, तेव्हा जीभ आणि अंगावरची त्वचा एकदा डॉक्टरांना दाखवा.

तरी मन मानत नसेल तर लॅबमधून पॅराफिन ब्लॉक आणि स्लाईड मागून घ्या आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. मागायला संकोच करू नका, लोक रोज नेतात.