ताप किरकोळ, तरी ॲडमिट?

प्रश्न : दीड वर्षाच्या मुलाला लसीसाठी खानापूरला नेलं, तर डॉक्टरांनी थेट बेळगावला ॲडमिट करायला सांगितलं. ताप तर किरकोळच होता. घाई झाली का? (एक आई, खानापूर तालुका)

उत्तर : नाही. डॉक्टरांना न्यूमोनियाची शंका आली असणार. न्यूमोनियात ताप फसवतो, श्वास मोजावा लागतो. बाळ शांत असताना, अंगातलं वर करून, पूर्ण मिनिटभर. रडतानाचा आकडा फुकट. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला 40 किंवा जास्त, तर तो जलद. त्यात बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल किंवा रक्तातला ऑक्सिजन 90 टक्क्यांखाली असेल, तर भरती टाळूच नये. बोट गार असलं किंवा हललं, की ऑक्सिमीटर चुकतो. म्हणून पुन्हा लावून पाहतात. जाताना तायी कार्ड (कर्नाटकातलं आई-बाळाच्या नोंदींचं कार्ड), रेशन कार्ड, आधार घ्या. पण कागदांपायी निघणं लांबवू नका.