वजा, मौजे आणि विस्थापन

प्रश्न असा: दोन विस्थापनांमधला फरक काढण्याच्या क्रियेला 'वजाबाकी' म्हणावं का? उत्तर कधी कधी दोन्हींपेक्षा मोठं येतं, मग 'बाकी' कसली?

'विस्थापन' आणि 'सदिश' नववीच्या पुस्तकात आहेत, म्हणून थोडक्यात: विस्थापन म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसकट; आणि अशी दिशा असलेली राशी म्हणजे सदिश, ती बाणाने दाखवतात. आधी एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. 'वजा' म्हणजे वजन कमी करणं, ही व्युत्पत्ती ऐकून कान किटले आहेत. वजन तोलण्याच्या अरबी धातूतलं. 'वजा'चा धातू निराळा, आणि त्याचा मूळ अर्थ 'ठेवणे'. हिशेबातून रक्कम काढून बाजूला ठेवली, की ती वजा. कोशकार 'कमी केलेला' एवढं लिहून मोकळे होतात, खरी गंमत तिथेच हुकते. कारण त्याच धातूवरून अरबीत ठिकाणाचा शब्द झाला, आणि तोच आपल्या खरेदीखतात गावाच्या नावाआधी येणारं 'मौजे' होऊन बसला! (मौजमजेतली मौज वेगळी. ती अरबी लाट.) इकडे 'विस्थापन'मध्ये संस्कृत 'स्था' आहेच. म्हणजे दोन्ही शब्दांच्या पोटात जागाच.

आणि गणितही तेच करतं. घरापासून एसटी स्टँड पूर्वेला 3 किमी, शाळा पश्चिमेला 2 किमी. पूर्व धन, पश्चिम ऋण धरून पहिल्या विस्थापनातून दुसरं वजा करा: 3 − (−2) = 5 किमी, पूर्वेकडे. शाळेपासून स्टँड बरोबर तेवढाच लांब. दोन्ही बाणांची शेपटं एका जागी ठेवायची आणि वजा करायच्या बाणाच्या टोकापासून पहिल्याच्या टोकापर्यंत रेघ ओढायची. एका मौज्यापासून दुसऱ्या मौज्यापर्यंत! सदिशांना याहून चपखल शब्द शोधून सापडायचा नाही, असं माझं ठाम मत आहे. बेरजेत मात्र पहिल्याच्या टोकाला दुसऱ्याचं शेपूट जोडतात: पूर्वेला 3 आणि मग उत्तरेला 4 चाललात, तर विस्थापन 5 किमी, 7 नव्हे.

'वजा' परका म्हणून हाकलून 'व्यवकलन' आणू पाहणाऱ्या शुद्धिवाद्यांचं मला मुळीच पटत नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त संकलित-व्यवकलित आहे, त्याचा मान आहेच. पण त्या शब्दात जागा कुठे आहे?

राहिली 'बाकी'. अरबीत बाकी म्हणजे उरलेलं, आणि इथे काही उरत नाही, ही शंका रास्त आहे. 'सदिश वजा करा' असं क्रियापदानेच बोला, अडचण येत नाही.