ठाण्यात पुलावरून खाली उतरू नका

प्रश्न : मी घणसोलीला राहते. आईला (वय ७४) गुडघ्यांच्या व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा वर्तकनगरला न्यायचं आहे. ठाण्यात आमची गाडी अगदी टोकाच्या फलाटावर लागते. तिथून टीएमटीच्या (ठाणे महापालिकेच्या) बसपर्यंत जिने चढता-उतरता तिचा जीव मेटाकुटीला येतो. सोपी वाट आहे का?

उत्तर : आहे. मला ती सासूबाईंना घेऊन ये-जा करताना सापडली. ट्रान्सहार्बरच्या, म्हणजे तुमच्या नवी मुंबईकडून येणाऱ्या गाड्या नऊ-दहा नंबरच्या फलाटांवर लागतात, म्हणजे पूर्वेला, कोपरीच्या अंगाला. सॅटिस, म्हणजे टीएमटीच्या बस सुटतात तो दुमजली तळ, पश्चिमेला, एक नंबरच्या बाहेर. मधले रूळ पुलावरून ओलांडणं काही टळत नाही. पण पुष्कळ जण पुलावरून एक नंबरवर उतरतात, खाली रिक्षांच्या गर्दीत शिरतात आणि बससाठी पुन्हा जिना चढतात. ते टाळा. सॅटिसवर रिक्षा खाली, बस वर, आणि तो वरचा मजला पुलाला जोडलेला आहे. पुलावर "सॅटिसला कुठून?" एवढं विचारा आणि सरळ चालत राहा.

गाडी ठाण्यालाच संपते, म्हणून सावकाश उतरू, असं मात्र करू नका. परतीची माणसं गाडी थांबायच्या आत चढतात. आम्ही एकदा बसून राहिलो, तर सासूबाई दाराशी अशा चेपल्या गेल्या की चपलेचा पट्टाच तुटला. दिघा गाव गेलं की उठा, दाराशी या. उतरल्यावर मात्र बाकावर बसा, लोंढा पुलावर चढून जाऊ द्या.

सरकत्या जिन्यापाशी सासूबाई पाऊल उचलून तसंच अधांतरी धरायच्या. मागचे "चला आजी, चला" करायचे, त्या आणखी घाबरायच्या. मग मी एक पायरी मागे उभी राहून तळहात त्यांच्या पाठीला टेकवू लागले. त्या आधाराने त्यांचं पाऊल पडायचं. लिफ्ट चालू असेल तर अर्थातच लिफ्ट.

बसच्या पाटीवर शेवटचं ठिकाण असतं, वर्तकनगर मधे येतं. कंडक्टरला विचारूनच चढा. भरलेली बस सोडा, आईंना बसायला जागा हवी.

परतताना वाशी की पनवेल, हे बघत इंडिकेटरखाली ताटकळू नका. दोन्ही गाड्या घणसोलीवरूनच जातात, फाटे तुर्भ्याच्या पुढे फुटतात. जी आधी सुटेल तिच्यात आईंना बसवा.